पाण्याचे स्टॉल आणि निसटलेले २७८ धावपटू

उन्हाळ्यात आमच्या ब्रह्मपुरीत पारा ४५ च्या वर गेला की जो तो एकच सांगतो, पाणी पीत राहा. मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही वर्षानुवर्षं हाच सल्ला मिळायचा. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका पेपरने त्याला धक्का दिला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. शरीराबाहेर गेलं त्याहून जास्त पाणी आत गेलं की असं होतं. प्रमाण फार घसरलं तर जीवही जाऊ शकतो.

पेपरचं विश्लेषण शिकण्यासारखं आहे. एकेक घटक सुटा पाहिला तेव्हा तीन लिटरहून जास्त पिणं दोषी दिसत होतं. सगळे घटक एकत्र घेतल्यावर मात्र टिकलं ते वजन वाढणं, चार तासांहून जास्त वेळ लागणं आणि बीएमआय टोकाचा असणं.

तरी माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला नमुन्याचा. नोंदणी ७६६ जणांची, वापरण्याजोगं रक्त मिळालं ४८८ जणांचं. मग २७८ गेले कुठे? धावून दमलेला माणूस गर्दीत सुई टोचून घ्यायला थांबेलच असं नाही. निसटलेले आजारी असतील तर १३ टक्के हा आकडा कमी आहे, ठणठणीत असतील तर जास्त.

दुसरा आक्षेप मोठा. पाणी कुठे ठेवायचं हे आयोजक ठरवतो. बोस्टनमध्ये जवळपास दर मैलाला स्टॉल असतो, आणि तो सगळ्यांसाठी सारखाच. जी गोष्ट नमुन्यात सगळ्यांना सारखी, तिचा परिणाम त्या नमुन्यातून कळत नाही. म्हणजे हा पेपर धावपटूबद्दल बोलतो. 'स्टॉल कमी करा' असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगवेगळी मांडणी असलेल्या शर्यतींची तुलना हवी.

२००४ मध्ये सुरू झालेली आपली मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीत होते, समुद्राकाठच्या दमट हवेत. तिथे स्टॉल किती हवेत हे बोस्टनच्या एका दिवसावरून ठरवणं धोक्याचं आहे. स्टॉल कमी पडले तर उष्माघाताची भीती, नुसतं 'प्या, प्या' म्हटलं तर सोडियमची.

तुमचा सिनॉप्सिस लिहिताना हे दोनच प्रश्न विचारा: माझ्या नमुन्यातून कोण निसटलं? आणि ज्यावर मी निष्कर्ष काढतोय, ते माझ्या डेटात बदलतंय तरी का?