फास्ट लोकल आणि शब्दांच्या आठ जाती

‘नाउन म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा स्थळाचे नाव’ ही व्याख्या ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या क्लासांत आजही घोकून घेतात. आज आपण ती जरा तपासू. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची भीती बसते, ती पुष्कळदा इथूनच.

‘डिस्ट्रक्शन’ घ्या. विध्वंस ही क्रियाच ना? मग तो शब्द व्हर्ब का नाही? मुलाची शंका रास्त आहे, लंगडी आहे ती व्याख्या. नाम ओळखायचे अर्थावरून आणि विशेषण ओळखायचे वाक्यातल्या कामावरून! एका विभाजनाला एकच कसोटी हवी, हा तर्कशास्त्राचा अगदी प्राथमिक नियम.

आता आपल्या रोजच्या ‘फास्ट’कडे बघा. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये तो विशेषण, ‘इट रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. उपवास या अर्थी तोच नाम होतो आणि क्रियापदही. आणि डोंबिवलीकर काय म्हणतो? ‘माझी फास्ट चुकली.’ म्हणजे आपण त्याचे नाम केले, वर स्त्रीलिंगही दिले, कारण मनात गाडी आहे. हे करताना कोणी व्याख्या आठवली नव्हती.

आठाचा हा साचा मराठीत मुळात नव्हता. यास्काने पदांचे चार प्रकार मानले. पाणिनीला प्रत्ययांवरून दोन पुरले. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठी व्याकरण लिहिले ते इंग्रजी वळणावर. शाळांची ती गरज होती, त्यांना दोष कशाला द्यायचा? पण तोच साचा उलटा फिरवून आपण इंग्रजी शिकवतो, तिथे घोटाळा होतो. प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, असे सांगून आपण मोकळे! अहो, ‘टेबलावर’मधला ‘वर’ मागून येतो आणि ‘टेबल’चे ‘टेबला’ करतो. ‘ऑन’ आधी येतो, ‘टेबल’ला धक्का लावत नाही. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच. मुले सर्वांत जास्त अडखळतात तिथे, आणि आठांच्या यादीत त्यांना स्वतंत्र जागा नाही. लिंडले मरेने 1795 च्या व्याकरणात आर्टिकल वेगळे धरून नऊ जाती मोजल्या होत्या!

मग शिकवायचे कसे? फळ्यावर ‘द … इज लेट’ लिहा आणि रिकाम्या जागी काय काय बसते ते मुलांनाच शोधू द्या. ‘ट्रेन’ बसेल, ‘डिस्ट्रक्शन’ अर्थाने विचित्र वाटला तरी बसेल, ‘अराइव्ह’ बसणार नाही. एखादी हुशार मुलगी ‘द रिच’ काढून आपली कसोटी मोडेलही. तिला गप्प करू नका, फळ्याशी बोलवा.