‘शारदा’ प्रकरण आणि आंतरविद्याशाखीय संशोधनाची कसोटी

असामान्य घटनांवर पीएच.डी. करू द्यावी का, हा प्रश्न निघाला की एक पक्ष विषयच अशास्त्रीय ठरवतो, तर दुसरा ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाच्या बळावर आराखडा संमत करून घेऊ पाहतो. प्रस्तुत लेखात नागपूरच्या एका प्रकरणाच्या आधारे या दोन्ही भूमिका तपासावयाच्या आहेत.

१९७४ च्या सुमारास नागपुरातील एका सुशिक्षित मराठी स्त्रीमध्ये ‘शारदा’ हे दुसरे व्यक्तिमत्त्व प्रकट होऊ लागले. ते बंगाली बोले, मराठी जाणत नसे आणि स्वतःस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बंगाली विवाहिता मानी. मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन व सतवंत पसरिचा यांनी त्याचा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या ग्रंथात ते सविस्तर मांडले. मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. अकोलकर यांचा स्वतंत्र लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शारदेने सांगितलेली काही पुरुषांची नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीत आढळली. परंतु वंशावळीत नोंद पुरुषांचीच. शारदा तेथे असणे शक्यच नव्हते. स्त्रियांची ही अनुपस्थिती दाव्याच्या बाजूचा पुरावा नव्हे आणि विरोधी पुरावाही नव्हे. वंशावळ कोणी जपली, ती कोणाच्या वाचनात येऊ शकली असती, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.

खरा पेच भाषेचा आहे. संबंधित स्त्रीस संस्कृत येत होते, बंगाली वाचनाचाही तिला थोडा परिचय होता. भाषावैज्ञानिक सारा थॉमसन यांनी अशा दाव्यांवर आक्षेप घेतले, ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तत्सम शब्दांचे प्राचुर्य हा पुरावा संस्कृतज्ञ मराठी व्यक्तीच्या बाबतीत दुबळाच ठरतो. त्यातही त्या काळातील बोली बंगालीची नोंद अल्प, म्हणून ‘जुने वळण’ ठरवणेही सोपे नाही. अधिक उपयोगी कसोटी चुकांची आहे. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते, बंगालीत बदलत नाही. ध्वनिमुद्रित संभाषणातील चुकांवर मराठीची छाप दिसते की नाही, हे मोजता येते. मानसशास्त्रज्ञाने हे काम बंगाली श्रोत्यांच्या अभिप्रायावर सोपवणे मला पुरेसे वाटत नाही.

या दृष्टीने जयंत नारळीकर व सहकाऱ्यांची फलज्योतिषाची चाचणी उद्बोधक आहे. हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्याच्या या चाचणीत २७ ज्योतिषांच्या उत्तरांतील यश सरासरी ४६ टक्के होते. विषय अपारंपरिक, पण कोणता निष्कर्ष दाव्यास बाधक, हे आधीच ठरलेले होते. शारदा प्रकरणात तशी पूर्वअट नव्हती. घटना आपोआप घडत असल्याने ती घालणे अवघडही होते, हे मान्य करावयास हवे. मात्र मुद्रित संभाषणाचे परीक्षण नंतरही होऊ शकते.

ठाकुर्ली-डोंबिवलीतील अभ्यासकाने हा विषय निवडल्यास मानसशास्त्राच्या मार्गदर्शकाइतकाच बंगाली भाषावैज्ञानिक सहमार्गदर्शक आवश्यक ठरेल, आणि तो आराखडा सादर करण्यापूर्वी मिळवावा लागेल.