रापाचिनीची बाग आणि आपले शिवार

अद्भुतकथेतील बागेत पाऊल टाकताना वाचक एक गोष्ट गृहीत धरून चालतो : येथील फुले मोहक असतील आणि त्यांतले एखादे तरी विषारी असेल. ते विष आले कोठून, हा प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो. माझ्या मते अशा कथेची खरी कसोटी याच प्रश्नात आहे. वनस्पतीच मुळात दुष्ट आहे असे मानणारा लेखक नकळत निर्मात्यावरच आरोप ठेवीत असतो. उत्पत्तीच्या पुस्तकात तिसऱ्या दिवशी पृथ्वीतून हिरवळ उगवते आणि देव ती चांगली असल्याचे पाहतो. एदेन बागेतील निषिद्ध फळही विषारी होते, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. मरण आले ते आज्ञाभंगातून, झाडाच्या रसातून नव्हे.

या दृष्टीने नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची १८४४ साली प्रसिद्ध झालेली ‘रापाचिनीची कन्या’ ही कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. पादुआ नगरातील वैद्य रापाचिनी आपल्या बागेत जहरी झाडे वाढवितो आणि त्यांच्याच सहवासात आपली मुलगी बिआट्रिस हिला वाढवितो. तिच्या श्वासाने कीटक मरतात, तिच्या हातातील फूल कोमेजते. आपल्याला हे ओळखीचे वाटते, कारण ‘मुद्राराक्षसा’तील विषकन्या आपण जाणतो; स्वतः हॉथॉर्ननेही एका भारतीय राजाने अलेक्झांडरकडे पाठविलेल्या विषारी सुंदरीची दंतकथा कथेत सांगितली आहे. मात्र संस्कृत नाटकात विषकन्या हे राजकारणातले एक शस्त्र आहे. हॉथॉर्न त्या शस्त्राला मन देतो. त्याची बिआट्रिस निष्पाप आहे. विष तिच्या देहात आहे, अंतःकरणात नाही. बागेतील झाडेही देवाच्या हातची राहिलेली नाहीत, माणसाच्या विकृत कल्पनेने केलेल्या संकरातून ती आली आहेत, असे लेखक सुचवितो.

कथेतील एक तपशील सहज नजरेआड होण्यासारखा आहे. रापाचिनी झाडांची निगा राखताना हातांत जाड मोजे घालतो आणि जांभळ्या फुलांच्या त्या झुडपाजवळ जाताना नाकातोंडावर आच्छादन घेतो. मुलगी मात्र त्याच झुडपाला उघड्या हातांनी कवटाळते. विष निर्माण करणारा सुरक्षित, त्यात जगणारी उघडी! संपूर्ण कथेची नीती या एका चित्रात साठविलेली आहे.

या कथेत उणीव नाही असे नाही. शेवटी उतारा पिऊन बिआट्रिस मरते. विष तिच्या जीवनाशी इतके एकरूप झाले आहे की, औषधच मृत्यू ठरते. निदान अचूक आहे, पण कृपेला तेथे जागा नाही. ती जागा शंभराहून अधिक वर्षांनी टॉल्किन या श्रद्धावंत कॅथॉलिक लेखकाने दिली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या त्याच्या महाकथेत मॉर्गुल खोऱ्यातील फिकट फुले दिसावयास सुंदर, पण कुजकट वासाची आहेत. कारण ज्या भूमीवर ती उगवतात ती दुष्ट सत्तेच्या ताब्यात गेली आहे. फुलाचा दोष भूमीचा आणि भूमीचा दोष सत्तेचा. याउलट नगरातील वैद्यांनी ज्याची पर्वा केली नाही, असे एक रानटी पान खऱ्या राजाच्या हातात येताच मरणोन्मुखांना उठविते. अळंबी तर टॉल्किनच्या हॉबिटांचे आवडते खाणे आहे. वाईट म्हणजे स्वतंत्र अस्तित्व नव्हे, तो चांगल्याचा अभाव होय, ही संत ऑगस्टीनची शिकवण येथे कथारूप घेते.

हे सारे परदेशी कल्पनाविश्व आपल्याला काय सांगते, असे कोणी विचारील. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या शिवारात उभे राहिल्यास उत्तर मिळते. या कापूसपट्ट्यात बांधावर धोत्रा असतो, रुई असते, कुंपणावर गुंजेचा वेल असतो. तिन्ही विषारी, पण लहानपणापासून ओळखीची. हात कोठे लावू नये हे घरातील वडीलधारी माणसे शिकवितात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ते विष धोत्र्याचे नव्हते. माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या पराटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या अनेकांच्या हातांत मोजे नव्हते, तोंडावर आच्छादन नव्हते. पराटीचा यात काय अपराध?

हॉथॉर्नला वऱ्हाड ठाऊक नव्हते. तरीही ‘मोजे कोणाच्या हातांत आहेत?’ हा त्याच्या कथेतील प्रश्न वऱ्हाडालाच विचारलेला वाटतो. अद्भुतकथा वास्तवापासून पळ काढते, हा आक्षेप आपल्याकडे वारंवार घेतला जातो. चांगली अद्भुतकथा तसे करीत नाही. झाडावरचा खोटा आरोप दूर करून ती आपली नजर झाडामागच्या हाताकडे वळविते. आणि तो हात कदाचित आपलाही असू शकेल, ही शंका मनात ठेवूनच आपण पुस्तक मिटतो.