घराची ओढ आणि श्रमाचा हिशेब

पर्यावरणविचाराची डावा-उजवा ही विभागणी संकल्पनांच्या पातळीवर कितपत टिकते, हे रेमंड विल्यम्स आणि रॉजर स्क्रुटन यांचे लेखन शेजारी ठेवून तपासता येते. समाजवादी विल्यम्स 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) मध्ये रम्य ग्रामचित्रांनी झाकलेले कष्टकऱ्यांचे श्रम उघड करतात. परंपरावादी स्क्रुटन 'ग्रीन फिलॉसॉफी' (२०१२) मध्ये गृहप्रेमाला, म्हणजेच 'ओइकोफिलिया'ला, पर्यावरणीय जबाबदारीचा पाया मानतात. या भूमिका परस्परविरोधी वाटतात; परंतु लाभ स्वतःकडे ठेवून त्याची किंमत इतरांवर लोटण्याची वृत्ती हेच दोघांचेही लक्ष्य आहे. 'आयडियाज ऑफ नेचर' या निबंधात विल्यम्स कोळशाइतकेच खाणीबाहेरचे टाकाऊ ढिगारेही आपलेच उत्पादन मानतात. स्क्रुटन असा भार भावी पिढ्यांच्या माथी मारणे नाकारतात.

अर्थात ही समान भूमी म्हणजे एकमत नव्हे. स्क्रुटन उपाय स्थानिक निष्ठेत शोधतात, विल्यम्स उत्पादनसंबंधांच्या परिवर्तनात. 'आपले घर' कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न गृहप्रेमाच्या सिद्धान्तात पुरेसा हाताळला जात नाही. आणि माणसे कोणत्या ओढीने जबाबदारी पत्करतात, याचे उत्तर निव्वळ आर्थिक विश्लेषणातून मिळत नाही.

विल्यम्स यांच्या 'बॉर्डर कंट्री' (१९६०) या कादंबरीत मात्र हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. लंडनमधील आर्थिक इतिहासाचा अध्यापक आजारी वडिलांसाठी वेल्सच्या सीमेवरील आपल्या खेड्यात परततो. तेथे त्याला गावाची ओढ जाणवते, आणि ते गाव ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले ती माणसेही दिसतात. सिद्धान्त जेथे बाजू निवडतो, तेथे कादंबरी दोन्ही बाजूंचे देणे मान्य करते.