देवकणाच्या बातमीत काय राहून गेले?

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याचे जाहीर केले. त्यावर मराठीत पुष्कळ लेखन झाले. 'देवकण' या नावाने वाचक विषयाकडे वळले, हे आम्ही नाकारत नाही. पण उपकरणावर विश्वास कशाच्या बळावर ठेवला, हा प्रश्न त्यांतील बहुतेक लेखांनी विचारलाच नाही. आमची तक्रार एवढीच आहे.

सर्नमधील सीएमएस या प्रयोगाच्या गाभ्यात त्या वेळी सुमारे ६ कोटी ६० लाख सिलिकॉन पिक्सेल होते. कण आरपार गेला की पिक्सेलमध्ये विद्युतभार मोकळा होतो. मात्र प्रत्येक पिक्सेलचा प्रतिसाद थोडा निराळा असतो. म्हणून प्रत्येकाला ठाऊक असलेला भार देऊन तो किती दाखवतो, हे ताडून पाहतात. कण नसतानाही संकेत देणारे पिक्सेल बाजूला काढतात. यालाच अंशांकन म्हणतात.

याचे गणित फळ्यावर सहज मांडता येते. अमेरिसियम-२४१ मधून ५९.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. किरणाची सारी ऊर्जा शोषली गेली, तर सुमारे १६,५०० इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. वाचन वेगळे आले, तर आधी उपकरण तपासायचे.

हे काम आपल्यापासून दूरचे नाही. माहुलशेजारी, ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सीएमएससाठी सिलिकॉनचे पट्टी-शोधक विकसित केले. ते बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले. ६३ मिलिमीटर चौरस चकतीवर ३२ पट्ट्या! अशा शोधकात व्होल्टता वाढवत नेऊन गळणारा विद्युतप्रवाह मोजावा लागतो. तो प्रमाणाबाहेर गेला, तर चकती बाद. 'भारताचाही सहभाग' या एका ओळीत हे सारे कष्ट दिसत नाहीत.

तपासणी किती महत्त्वाची, हे २०११ मध्ये दिसले. न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगाने धावल्याचे वाचन 'ऑपेरा' प्रयोगात मिळाले. पुढच्या वर्षी मुख्य कारण सापडले: एक प्रकाशतंतूची केबल नीट जोडलेली नव्हती!

आपल्या शाळा-महाविद्यालयांत स्क्रू गेजची शून्य-त्रुटी गुणांपुरती लिहिली जाते. निष्कर्ष तेवढे सांगणारे लेख वाचून छापलेला प्रत्येक आकडा खरा, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. शिक्षकांनी विज्ञानाची बातमी वर्गात वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: हे मोजणारे उपकरण कोणी, कसे तपासले?