बनवाबनवीचे बिऱ्हाड

विनोदी चित्रपटाचे आयुष्य बहुधा अल्प असते. ज्या हजरजबाबीपणावर आज थिएटर दणाणते, तो दहा वर्षांनी शिळ्या कढीसारखा लागतो. असे असता १९८८ साली आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ घरोघर अजून पुन्हा पुन्हा पाहिला जातो, आणि आजोबा व नातू एकाच जागी हसतात. याचे कारण काय असावे?

सामान्यतः श्रेय संवादांना दिले जाते. संवाद वसंत सबनिसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणाऱ्या लेखणीला बतावणीची लय कोणी शिकवायला नको. पण गंमत अशी, की लोकांच्या तोंडी सर्वांत अधिक बसले आहे ते परशाचे एक साधे वाक्य. धनंजय माने इथेच राहतात ना, एवढीच त्याची पृच्छा! तीत कोटी नाही की श्लेष नाही. पत्ता शोधणाऱ्या कोणाही पाहुण्याने विचारावे तसे तो विचारतो. मग हसू कशाचे येते? माझ्या मते ते जागेच्या अडचणीचे आहे. मान्यांचे बिऱ्हाड घरमालक सरपोतदारांच्या मर्जीवर टिकलेले. तिथे एकेक मित्र आश्रयाला येऊ लागला, म्हणजे दारावरची प्रत्येक थाप संकटाची होते. पुण्यात भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

कल्पना उसनी आहे, हेही मोकळेपणाने सांगावे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीबी और मकान’ या हिंदी चित्रपटात ती आली होती. परंतु दिग्दर्शक सचिन यांनी ते बिऱ्हाड असे काही हलवले, की ते मूळचे पुण्याचेच वाटावे.

पुरुषाने लुगडे नेसणे आपल्या रंगभूमीला नवे नाही. बालगंधर्वांना पाहून प्रेक्षक मोहून जात. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ पाहून पोट धरून हसत. या चित्रपटात दोन्ही परंपरा एका छपराखाली नांदतात. सचिन यांची सुधा लाजते, मुरडते आणि क्षणभर खरी वाटते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीच्या पदराआडून मात्र परशा सारखा डोकावत राहतो. एकीमुळे सोंग टिकते आणि दुसरीमुळे ते कोणत्या क्षणी फुटेल याची धाकधूक लागते.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. लीलाबाई काळभोर या वृद्ध घरमालकिणीची ही सरळसरळ फसवणूक आहे. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग पाहताना तर हसता हसता थोडे ओशाळल्यासारखे होते. दिवस गेल्याचे तेवढे खोटे. बाकी कौतुक, माया, लगबग सारे खरे. अशा खऱ्या मायेपुढे खोटे बोलावे लागते, तेव्हा प्रहसनाला एकाएकी वजन येते. चित्रपट ही बोच लपवत नाही, आणि म्हणूनच त्याला नुसता धांगडधिंगा म्हणता येत नाही.

आपण या चौघांना क्षमा करतो, ती त्यांच्या मैत्रीसाठी. एक थाप पचली की तिला सांभाळायला दुसरी लागते, आणि बहुधा ती कोणाला तरी वाचवण्यासाठीच मारलेली असते. अशोक सराफ यांचा धनंजय पाहा. धाकटा भाऊ शंतनू आणि दोन मित्र यांचा भार वाहणारा हा कर्ता पुरुष इतक्या गंभीर चेहऱ्याने खोटे बोलतो, की एखादा वडीलधारा घरखर्चाचा हिशेब सांगतो आहे असे वाटावे. त्याला स्वतःला हसू येत नाही, म्हणून आपल्याला आवरत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे आणि शंतनू झालेले सिद्धार्थ रे हे दोघेही २००४ साली गेले. आता त्या चौघांना एका खोलीत पाहताना हसण्याला एक हळवी किनार येते, एवढे खरे. तरीही या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन घरच्यांसह चित्रपट लावाच. संवाद तुम्हांला पाठच असतील; या खेपेस ते कानाआड करून दार वाजल्यावर धनंजयाच्या चेहऱ्याकडे तेवढे पाहा.