कर्णाचे दोन नकार

इंदुरीसारख्या मावळांतील गांवीं पुराण ऐकणाऱ्यांसही कर्णपर्वांतील हा प्रसंग ठाऊक असतो. कर्णानें अर्जुनाच्या कंठावर सर्पमुख बाण रोखला. सारथी शल्य म्हणाला, हा लागणार नाहीं, नेम पुन्हां साध. कर्ण दोनदां शरसंधान करीना. कृष्णानें रथ दाबला. किरीट तेवढा गेला.

याला गर्व म्हणून मोकळें होणें मला पटत नाहीं. कर्णाच्या तेजोभंगाचें वचन युधिष्ठिरास देऊन बसलेल्या, हंसकाकाची गोष्ट सांगून त्यास हिणविणाऱ्या या गृहस्थाचा सल्ला त्या घटकेस हिताचा होता, हें कर्णानें ओळखावें कसें? पुढें त्या बाणांतला अश्वसेन नाग परत येऊन, मला पुन्हां सोड, म्हणाला. परक्याच्या बळानें मिळणारा जय कर्णानें तेव्हांही नाकारला. हा नकार मात्र शल्याच्या माथीं मारतां येत नाहीं.